लिम्फोमातल्या सायटोकाइनवर काम सुरू करताय? आधी स्लाइड बघा

लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) आणि त्यातले सायटोकाइन (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं) यांवर संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. इंटरल्यूकिन, केमोकाइन (दोन्ही सायटोकाइनचेच प्रकार), जॅक-स्टॅट (त्यांचा निरोप पेशीच्या आत नेणारी साखळी) हे सगळं तुमचं वाचून झालंय असं धरते. मी जिथे अडकले तेवढंच सांगते.

हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी मोजक्याच असतात. त्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, आणि त्या बऱ्याचदा एकूण पेशींच्या 1 टक्क्याच्या आसपास. बाकी गर्दी टी-पेशी, इओसिनोफिल, मॅक्रोफेज आणि प्लाझ्मा पेशींची. आता तुम्ही गाठीचा अख्खा तुकडा वाटून बारीक केला, आरएनए काढला, इंटरल्यूकिन-10 वाढलेलं दिसलं आणि 'कॅन्सरची पेशी इंटरल्यूकिन-10 बनवते' असं लिहून टाकलं, तर मेलात. मॅक्रोफेजही ते बनवतात, टी-पेशीही बनवतात. या एका वाक्यापायी माझे कित्येक महिने वाया गेले. प्रेझेंटेशनमध्ये समोरून एवढाच प्रश्न आला, "कुठल्या पेशीतून?"

बनवणारी पेशी कोण आणि ऐकणारी कोण, हे दर प्रथिनामागे वेगळं लिहून ठेवा. इंटरल्यूकिन-13 रीड-स्टर्नबर्ग पेशी स्वतःच सोडते, तिच्याच अंगावर त्याचा रिसेप्टर असतो आणि आत स्टॅट6 (जॅक-स्टॅट साखळीतलं एक प्रथिन) चालू होतो. टार्क, म्हणजे सीसीएल17 हे केमोकाइन, तीच सोडते, पण ते ऐकतात सीसीआर4 हा त्याचा रिसेप्टर असलेल्या टी-पेशी, आणि त्या गाठीत येऊन बसतात. तक्त्यात दोन्ही 'वाढलेलं' म्हणूनच दिसतं. स्लाइडवर नुसत्या अँटिबॉडीने आलेल्या रंगावरही जाऊ नका. स्रवलेलं प्रथिन शेजारच्या पेशीवर चिकटलेलंही दिसतं. इन-सिटू हायब्रिडायझेशनने (पेशी जागेवर ठेवूनच तिच्यातला आरएनए दाखवणारी पद्धत) एमआरएनए बघा, सोबत सीडी30 (रीड-स्टर्नबर्ग पेशीची खूण) लावा. केएम-एच2 सारखी हॉजकिनची सेल लाइन (डिशमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी) वापराच, पण डिशमध्ये शेजारीपाजारी नसतात हे विसरू नका.

तीस-चाळीस सायटोकाइन एकदम मोजणाऱ्या तयार किटवर माझा राग आहे. आकड्यांचा ढीग मिळतो, प्रश्न मात्र एकही सुटत नाही. आणि गाईड निवडताना पेपर मोजत बसू नका. पॅथॉलॉजिस्टशेजारी बसून स्लाइड बघणारा गाईड मिळाला तर बाकीचं चालवून घ्या.

घाबरू मात्र नका. इम्युनॉलॉजी कच्ची असली तरी वर्षभरात जमते, माझीही कच्चीच होती. शिवाय विषय कोरडा नाही. क्रोमोसोम 9 वरच्या 9पी24.1 या एकाच पट्ट्यात पीडी-एल1, पीडी-एल2 (टी-पेशींना थोपवणारी प्रथिनं) आणि जॅक2 यांची जनुकं शेजारी-शेजारी आहेत. तिथल्या प्रती वाढल्या की तिन्ही वाढतात, आणि जॅक2 पीडी-एल1 ला आणखी चढवतो. हॉजकिनसाठी निवोलुमॅबला (टी-पेशींची ही अडवणूक मोडणारं औषध) अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली, त्यामागे हेच गणित होतं.

फ्रीझरमधले जुने नमुने फुकट मिळत असतील तर एक विचारून घ्या: सिरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) आहे की प्लाझ्मा (रक्त गोठू न देता वेगळा केलेला द्रव)? रक्त गोठताना प्लेटलेट टीजीएफ-बीटा आणि सीसीएल5 सोडतात. दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात मिसळलेले असतील, तर ते नमुने घेऊच नका.