वकील नाही, पण अपील करायचंय? साताऱ्यात मोफत वकील असा मिळवा

वकील शोधण्याआधी नक्कल मागा. निकाल लागला त्याच दिवशी निकालपत्र आणि हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या औपचारिक आदेशाच्या) नकलेसाठी अर्ज टाका, कारण मुदत निकालाच्या तारखेपासून चालू होते. दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस मिळतात, उच्च न्यायालयात 90. नक्कल हाती आली की तिच्यावरचा शिक्का नीट वाचा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा तिथं असतात. अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात. तयार नक्कल आणायला तुम्हीच आठवडा लावलात, तर तो आठवडा तुमच्या खात्यावर. फौजदारी खटल्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते.

मग मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समितीही चालते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, अर्ज लिहून घेतात. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं.

स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे नवऱ्याची पेन्शन किती, असं कुणी विचारलं तर बाईनं बिचकायचं कारण नाही. बाकीच्यांसाठी वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरतं.

पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, टायपिंग, नकलांचा खर्चही त्यातच येतो. 'वरखर्चाला' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. पहिल्याच भेटीत स्थगितीच्या अर्जाचं विचारा. नुसतं अपील दाखल झाल्यानं हुकूमनामा थांबत नाही, समोरचा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून जमिनीचा ताबा घ्यायला मोकळा असतो. हे फार लोकांना उशिरा कळतं.

मुदत टळली असेल तरी विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. मात्र 'माहीत नव्हतं' एवढंच लिहून सहसा भागत नाही. दवाखान्याचे कागद, तारखा, जे काही असेल ते लावा.

उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी सातारकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे.

मदतीचा अर्ज फेटाळला, तर कारण लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागा. तोवर मुदतीचे दिवस मोजत राहा, ते या अर्जासाठी थांबत नाहीत.