गिनी पिगांच्या कळपाची म्होरकी आजारी पडली तर काय करावं?

म्होरकी आजारी आहे हे माणसाच्या आधी तिच्या कळपाला कळतं. गिनी पिग दुखणं लपवतो, पण एरवी सगळ्यांना हटकणारी मादी गप्प बसू लागली की दुसऱ्या क्रमांकाची गवताच्या ढिगाशी तिच्या आधी घुसते. मग ढुंगण डोलवत, घुर्रर्र आवाज काढत तिच्याभोवती फिरते, कधी पाठीवर चढते. ही चाचपणी असते. म्हणून कळपात अचानक उलथापालथ दिसली, तर आधी म्होरकीला वजनकाट्यावर ठेवा.

मोठ्या गिनी पिगाचं वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम असतं. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. आठवड्यात 50 ग्रॅम घट झाली तर रोज वजन करा. 100 ग्रॅम घटलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. खाणं पूर्ण थांबलं असेल तर वजनाचीही वाट पाहू नका. त्यांचं आतडं सतत अन्न आत गेलं तरच हलतं. 12 तास उपास घडला की आतडं थंडावतं, पोटात वायू साठतो आणि प्रकृती झपाट्याने ढासळते. याच्या उलटही घडतं: अंडाशयात गाठी झालेली म्होरकी जास्तच आक्रमक होते, सारखी इतरांच्या पाठीवर चढते. तीही तपासणीचीच खूण आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय: वेगळं करायचं का? बहुतेक जण घाईने आजारी प्राण्याला दुसऱ्या खोलीत नेतात आणि तिथेच चुकतात. आठ-दहा दिवसांत कळप नवी उतरंड लावून मोकळा होतो, आणि परतलेल्या म्होरकीला परक्यासारखं वागवतो. शिवाय ओळखीची सोबत सुटली की आजारी जीव आणखी घाबरतो, खाणं कमी करतो. नाक वाहणं, शिंका, श्वासाला धाप, त्वचेवर केस गळालेले खपलीचे चट्टे, पिसवा किंवा खरूज असं संसर्गाचं लक्षण असेल तरच पूर्ण वेगळं ठेवा. अशा वेळी बाकीच्यांनाही तपासून घ्या. दाढा वाढल्या आहेत, मूतखडा आहे, पाय दुखावला आहे, अशा कारणांसाठी कळपातच राहू द्या.

तिला त्रास होत असेल तर पिंजऱ्याच्या मधोमध तारेची जाळी लावा. डोकं आत जाणार नाही इतकीच भोकं हवीत. जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत सुकं गवत ठेवा, म्हणजे दोघी शेजारी खातात, वास टिकून राहतो. तिच्या बाजूला सर्वांत शांत सोबतीण द्या, आव्हान देणारी नको.

जाळीची गरज नसेल तरी पिंजऱ्याची मांडणी बदला. आव्हान देणारीची ताकद एखादी जागा अडवून बसण्यात असते. म्हणून गवताचे ढीग प्राण्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त, पाण्याच्या बाटल्या निदान दोन, आणि प्रत्येक आडोशाला दोन दारं ठेवा. एका दाराच्या घरात कोंडली गेलेली आजारी मादी चावे खाते.

औषध आणि सिरिंजने भरवण्यापुरतंच तिला बाहेर काढा. पाण्यात पातळ केलेलं आहारचूर्ण (आजारी प्राण्याला भरवायची तयार पूड) तिच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 50 ते 80 मिली, चार-सहा वेळांत वाटून, प्रमाण डॉक्टरांना विचारून. सिरिंज समोरच्या दातांमागे बाजूने घाला, एका वेळी 1 मिलीपेक्षा कमी सोडा, चावून गिळू द्या. उताणं करून कधीही भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जातं. पेनिसिलीन किंवा ॲमॉक्सिसिलीन तोंडावाटे देऊ नका: आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात, आणि हे जिवावर बेततं.

या काळात बाकीच्यांचंही वजन करत राहा. म्होरकीच्या मागेमागे जाऊन खाणारी सर्वांत भित्री मादी तिच्याविना कोपऱ्यात बसून राहते आणि उपाशी पडते. पाठलाग, नाक उंचावणं, घुर्रर्र करणं चालू द्या. दात कडकडा वाजू लागले आणि मानेचे केस उभे राहिले तर तयार राहा. रक्त निघालं किंवा दोघी एकमेकींत गुंतल्या तर मध्ये जाड टॉवेल टाका, हात घालू नका. नरांच्या कळपात हा धोका जास्त.

पूर्ण वेगळी ठेवलेली म्होरकी परत आणताना आधी कळपातल्या वापरलेल्या कापडाने तिचं अंग पुसा, म्हणजे दवाखान्याचा वास कमी होतो. मग सगळ्यांना दोनेक चौरस मीटरच्या नव्या जागेत, मधोमध गवताचा मोठा ढीग ठेवून सोडा. दोन-तीन तास लक्ष ठेवा आणि रक्त निघाल्याशिवाय उचलू नका. दर वेळी उचललं की वाद पहिल्यापासून सुरू होतो. नंतर धुतलेल्या, मांडणी बदललेल्या पिंजऱ्यात सगळ्यांना एकदमच न्या. तिने जुनी जागा परत मिळवली नाही तरी तिची बाजू घेऊ नका.

ती दगावली आणि आजार संसर्गजन्य नसेल, तर देह तासभर पिंजऱ्यात राहू द्या. काही हुंगतात, काही दुर्लक्ष करतात. नवी उतरंड बसेपर्यंत नवा प्राणी आणू नका. मागे एकच उरला असेल तर मात्र सोबत लवकर शोधा.