घर आवरावे, पण टिकेल असे

घर आवरायला घेतलेली बहुतेक माणसे पहिल्याच तासात एक चूक करतात, ती म्हणजे वस्तू लावायला बसतात. कपाटातल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा नीट घातल्या जातात, पुस्तके उंचीनुसार उभी राहतात, नवे डबे आणि टोपल्या विकत येतात आणि संध्याकाळी घर खरोखरच देखणे दिसते. महिनाभरात ते पूर्वपदावर येते. त्याचे खापर आपण स्वतःच्या आळसावर फोडतो, पण दोष आळसाचा नसतो. घरात वस्तू किती आहेत आणि त्या परत ठेवायला किती कष्ट पडतात, या दोन गोष्टींना आपण हातच लावलेला नसतो.

वस्तू काढताना माणूस कितीही खटाटोप करतो, कारण तिची गरज असते. वरच्या फळीवरचा, तीन खोक्यांखाली दबलेला इस्त्रीचा फवारा आपण स्टुलावर चढून, वरची खोकी उतरवून काढतोच. काम झाल्यावर मात्र गरज संपलेली असते, आणि तोच फवारा पुढचे आठ दिवस जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकतो. पसारा होतो तो परत ठेवण्याच्या या क्षणी. म्हणून आवराआवरीचे उद्दिष्ट एकच धरावे: रोजच्या वापरातली प्रत्येक वस्तू एका हाताने, दुसरे काही न हलवता जागेवर गेली पाहिजे. पुढे जे सांगितले आहे ते सारे याच एका गोष्टीसाठी आहे.

जपानी कारखान्यांत रूढ झालेल्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीतला कामांचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके असे ते पाच शब्द आहेत. आधी नको ते वेगळे काढायचे, मग उरलेल्याला जागा ठरवायची, मग स्वच्छता करायची, त्यानंतर हीच रीत कायमची लावून घ्यायची आणि शेवटी ती शिस्तीने पाळायची. शिस्त शेवटी येते, हे विशेष. घरात आपण नेमके उलटे करतो. आधी घरच्यांना शिस्त लावायला जातो आणि नको त्या वस्तूंना धक्काही लावत नाही.

पहिल्या दिवशी एक खण

एका रविवारी सगळे घर काढण्याचा बेत करू नये. दुपारपर्यंत उत्साह संपतो, रात्री पलंगावर ढीग तसेच असतात आणि झोपायला जागा हवी म्हणून ते जसेच्या तसे कपाटात कोंबले जातात. दीड तासात संपेल एवढेच काम घ्यावे. सुरुवातीला माळाही नको आणि फोटोंची पेटीही नको. ज्याच्याशी भावना गुंतलेली नाही, असा एखादा खण निवडावा.

जवळजवळ प्रत्येक घरात ‘किरकोळ’ वस्तूंचा एक खण असतो. आमच्या घरातला मी जेव्हा उपसला, तेव्हा त्यातून चार कात्र्या, कोणत्याच कुलुपाला न लागणाऱ्या सहा किल्ल्या, वाळलेली पेने, केव्हाच मोडीत निघालेल्या फोनांचे चार्जर, अकरा भाषांतली एक माहितीपत्रिका आणि मोजपट्ट्या निघाल्या. मोजपट्ट्या तीन होत्या. पहिली सापडेना म्हणून दुसरी आणली होती आणि दुसरी सापडेना म्हणून तिसरी. तळाशी रबरबँड वितळून लाकडाला चिकटले होते. ते नखाने खरवडून काढावे लागले.

खण चाळून चार वस्तू बाजूला काढू नयेत. तो पूर्ण रिकामा करून जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर ओतावा आणि ओल्या फडक्याने आतून पुसून घ्यावा. भरलेल्या खणाकडे पाहून आपण ‘यातले काय टाकू’ असे विचारतो आणि काहीच टाकवत नाही. रिकाम्या खणाकडे पाहून ‘यात काय यायला हवे’ असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर बरेच लहान असते.

चादरीवरच्या वस्तूंचे तीन भाग करावेत: इथे राहणाऱ्या, घराबाहेर जाणाऱ्या आणि घरातच पण दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या. तिसऱ्या भागातल्या वस्तू एका टोपलीत टाकत राहाव्यात आणि काम संपेपर्यंत जागेवरून उठू नये. ‘एवढे तेवढे आत ठेवून येतो’ म्हणून उठलेला माणूस आत जाऊन दुसरेच कपाट उघडून बसतो. ज्यांचा निर्णय होत नाही अशा वस्तूंसाठी एकच खोके ठेवावे, ते चिकटपट्टीने बंद करावे आणि त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहावी. आत काय आहे हे मात्र लिहू नये. तोवर त्यातल्या ज्या वस्तूची आठवण होऊन ती शोधली गेली, तीच परत घ्यावी. बाकीच्यांचा निर्णय झालेला असतो. असे दुसरे खोके मात्र करू नये, नाहीतर त्यांचाच माळा होतो.

हातातून का सुटत नाही

निरुपयोगी वस्तू टाकताना हात अडखळतो, त्याचा अभ्यास झालेला आहे. आपल्या मालकीची झाली की तीच वस्तू आपल्याला अधिक मोलाची वाटू लागते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या प्रवृत्तीला नाव दिले. पुढे डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे साधे मग दिले, तेव्हा ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांना ते मिळाले नव्हते त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. वस्तू तीच होती आणि हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. तर वीस वर्षे कपाटात असलेल्या वस्तूची काय कथा!

यावर उपाय म्हणजे प्रश्नच बदलणे. ‘ही टाकू का?’ असे न विचारता ‘ही आज माझ्याकडे नसती, तर पैसे देऊन आणली असती का?’ असे विचारावे. महाग होती म्हणून ठेवलेल्या वस्तूंनाही हाच प्रश्न लावावा, कारण खर्च झालेले पैसे वस्तू ठेवल्याने परत येत नाहीत. ‘कधीतरी लागेल’ या सबबीची परीक्षा तर फारच सोपी आहे: लागेल तेव्हा ती मला सापडेल का? आमच्या मोजपट्ट्यांचे उत्तर वर आलेच आहे.

आठवणींच्या वस्तू सगळ्यांत शेवटी घ्याव्यात. तोवर निर्णय घेण्याची सवय झालेली असते. एका माणसाची किंवा एका काळाची एखादीच बोलकी वस्तू ठेवली आणि बाकीच्यांची छायाचित्रे काढली, तर बहुतेक वेळा पुरते. मात्र इथे फार कठोर होण्याचे कारण नाही. वडिलांच्या हस्ताक्षरातली रोजच्या खर्चाची एक वही माझ्याकडे आहे, तिचा उपयोग शून्य आहे आणि ती राहणार आहे.

दुसऱ्याच्या वस्तू त्याच्या नकळत टाकू नयेत, मग तो नवरा असो, सासू असो की सात वर्षांचे मूल. एकदा विश्वास गेला की ते माणूस सगळ्याच वस्तू घट्ट धरून बसते. घरातल्या कुणाला रिकाम्या पिशव्या किंवा जुनी वर्तमानपत्रे टाकण्याच्या कल्पनेनेही असह्य घालमेल होत असेल आणि खोल्या वावरण्याजोग्या उरल्या नसतील, तर तो स्वभावदोष समजू नये. अतिसंग्रहाचा हा विकार अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला आहे. तिथे साफसफाईची मोहीम काढण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.

कागद आणि घराबाहेर जाणारे सामान

कागदांची भीती मोठी असते, पण काम सोपे असते. जन्म, शिक्षण, मालमत्ता आणि ओळख यांची मूळ कागदपत्रे एका फाइलमध्ये कायमची राहतात. चालू वर्षाचे व्यवहार दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि कराचे कागद कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपावेत. बाकीची रद्दी असते; तिच्यातले खाते क्रमांक आणि सह्या असलेले कागद बारीक फाडूनच द्यावेत. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवर शाई नसते. उष्णतेने काळा पडणाऱ्या कागदावर ती अक्षरे उमटलेली असतात, म्हणून ऊन आणि उष्णता लागली की ती काही काळाने दिसेनाशी होतात. हमीची मुदत असलेल्या अशा पावतीचा त्याच दिवशी फोटो काढावा.

बाहेर काढलेल्या सामानापैकी काही गोष्टी कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नयेत. लिथियमची बॅटरी दबली किंवा फुटली तर पेट घेते, तर जुन्या वळणदार सीएफएल दिव्यांत आणि काचेच्या तापमापकांत पारा असतो. हे सारे ई-कचरा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावे. मुदत संपलेली औषधे शौचालयात सोडू नयेत, कारण ती पाण्यात मिसळतात. औषधे परत घेण्याची सोय जवळ असेल तर ती वापरावी. जुना संगणक देताना त्यातल्या फाइली नुसत्या पुसल्याने माहिती जात नाही, ती सहज परत मिळवता येते. डिस्कवरची माहिती पूर्णपणे नष्ट करणारी सोय वापरावी किंवा डिस्क काढून ठेवावी. आणि देण्याच्या पिशव्या त्याच आठवड्यात घराबाहेर पडल्या पाहिजेत. दाराशी पंधरा दिवस राहिलेल्या पिशवीतून वस्तू एकेक करून परत आत येतात, हा अनुभव आहे.

जागा ठरवताना

आता उरलेल्या वस्तूंना जागा द्यायची. वस्तू ‘कुठे शोभते’ यापेक्षा कुठे वापरली जाते हे पाहावे. कात्री स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर अशी दोन ठिकाणी लागत असेल, तर दोन कात्र्या हा पसारा नव्हे. चार मात्र आहे. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा रोजच्या वस्तूंचा. जड वस्तू कमरेच्या उंचीला ठेवाव्यात, म्हणजे वाकून किंवा डोक्यावरून उचलाव्या लागत नाहीत. वर्षातून एकदा लागणारे सामान माळ्यावर जावे, पण खोक्याच्या दर्शनी बाजूवर ठळक नाव लिहूनच.

कोणतीही फळी पूर्ण भरू नये. साधारण चौथा हिस्सा मोकळा राहिला, तरच परत ठेवणारा हात आत शिरतो. शक्य त्या वस्तू एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. तव्याची झाकणे, फाइली, टी-शर्ट, सगळे उभे राहते आणि खालचे काढताना वरचे ढासळत नाही. रोजच्या वस्तूंच्या डब्यांना झाकणही नको, कारण झाकण म्हणजे एक हालचाल वाढली. डबे आणि टोपल्या या टप्प्यावर, फळीची लांबी, रुंदी आणि खोली मोजून मगच आणाव्यात.

कपड्यांची एक गोष्ट नीट समजून घ्यावी. लोकर आणि रेशीम यांना कसर लागते ती पतंगाच्या अळ्यांमुळे, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेला भाग त्या आधी गाठतात. म्हणून हंगाम संपताना कपडा एकदाच वापरलेला असला, तरी धुऊन, पूर्ण वाळवून मगच ठेवावा. ओलसर हवेत बुरशीही येते, त्यामुळे कपाट भिंतीपासून थोडे पुढे सरकवून ठेवावे. डांबराच्या गोळ्या लहान मुलांनी गिळल्यास विषारी ठरतात, तेव्हा मुलांच्या घरात त्या टाळलेल्याच बऱ्या.

शिवाय प्रत्येक घरात एक खुर्ची असते, जिच्यावर बसता येत नाही. तिच्यावर एकदा घातलेले कपडे असतात: धुवायला टाकावेत इतके मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवावेत इतके स्वच्छ नाहीत. या कपड्यांना घरात जागाच दिलेली नसते, म्हणून ते खुर्ची शोधतात. दाराच्या मागे माणशी दोन खुंट्या लावाव्यात आणि त्या भरल्या की आधीचा कपडा धुवायला टाकावा. आमची खुर्ची चार दिवसांत मोकळी झाली.

त्यानंतर रोज रात्री दहा मिनिटे पुरतात. टोपली घेऊन घरभर एक फेरी मारायची आणि बाहेर राहिलेल्या वस्तू जागच्या जागी पोहोचवायच्या. या फेरीत कोणती वस्तू रोज त्याच चुकीच्या ठिकाणी सापडते, हे पंधरा दिवस नुसते पाहावे. किल्ल्या दारामागच्या खिळ्यावर न जाता रोज टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावरच पडत असतील, तर घरातल्यांना रागे भरण्यात अर्थ नाही. खिळा काढून टाकावा आणि त्या कोपऱ्यावर एक वाटी ठेवावी.