मोशन कंट्रोलर इथरनेटवर जोडताना या चुका टाळा

मशीनचा मोशन कंट्रोलर, म्हणजे मोटरींची हालचाल सांभाळणारा नियंत्रक, पीसीला दिसला नाही, की लोक आधी केबल बदलतात, मग कार्डावर खापर फोडतात. त्याआधी आयपी पत्ते तपासा. कंट्रोलर 192.168.0.50 वर, लॅपटॉप 192.168.1.20 वर आणि सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते ठरवणारा आकडा) 255.255.255.0 असेल, तर पोर्टचे दिवे छान लुकलुकतील, पण पिंगला (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का, या चाचणीला) उत्तर मिळणार नाही. लॅपटॉपला कंट्रोलरच्याच मालिकेतला (इथे 192.168.0 ने सुरू होणारा), पण वेगळा, स्थिर पत्ता द्या. लॅपटॉपचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर त्याला पत्ते आपोआप वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सापडलेला नाही.

सर्वात जास्त वेळ खातं ते वायफाय. ऑफिसचं वायफायही कंट्रोलरच्याच मालिकेत असेल, तर विंडोज पॅकेट वायफायवरून धाडू शकतं. पिंगला उत्तर येतं, पण ते देत असतो त्याच पत्त्यावरचा प्रिंटर! कंट्रोलरची केबल काढा आणि पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर आलं, तर तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. कमिशनिंग करताना, म्हणजे मशीन पहिल्यांदा जोडून सुरू करताना, वायफाय बंदच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

गॅलिल या कंपनीच्या कंट्रोलरला आयए कमांडने पत्ता दिला आणि बीएन देऊन तो मेमरीत कायम केला नाही, तर पॉवर जाताच पत्ताही जातो. काल चालणारं मशीन आज सापडत नाही, त्यामागे अनेकदा हेच असतं. याच कंपनीच्या डीएमसी-40एक्स0 मालिकेत एका वेळी 8 हँडल, म्हणजे 8 कनेक्शनच मिळतात. सॉफ्टवेअर नीट बंद न होता कोसळलं, तर त्याचं हँडल अडकून राहू शकतं. असं होत राहिलं की नवीन कनेक्शन नाकारलं जातं. पॉवर बंद-चालू केली की सगळं सुरळीत होतं, म्हणून खरं कारण कोणी शोधत नाही. सिरीयल पोर्टवरून टीएच कमांड द्या, कोणतं हँडल कोणी धरलंय ते दिसेल.

पिंग होतं पण सॉफ्टवेअर जोडत नसेल, तर विंडोज फायरवॉल त्याला अडवतंय का ते पाहा.

सर्वो (मोटर चालवणारा ड्राइव्ह) ऑन केल्यावरच लिंक तुटत असेल, तर मात्र केबलकडे वळा. इथरनेटची केबल मोटरच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका. शील्डेड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं आवरण असलेली, केबल वापरा.

आणि एथरकॅटचा (मशीनमधले भाग जोडणाऱ्या वेगळ्या नेटवर्कचा) पोर्ट दिसायला तसाच असला, तरी तो ऑफिसच्या स्विचला जोडू नका. ती साखळी फक्त ड्राइव्ह आणि आयओ (इनपुट-आउटपुट) मॉड्यूलसाठी असते.