ग्रहविज्ञानात जायचंय? पदवीचे विषय निवडताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक प्रवेश घेतानाच होते. ग्रहविज्ञान म्हणजे खगोलशास्त्र असं धरून मुलं नावात ‘स्पेस’ असलेला कोर्स शोधत बसतात. ग्रहांचा अभ्यास खडक, उष्णता, वातावरण आणि रसायनांच्या अंगाने चालतो. म्हणून फिजिक्स किंवा जिऑलॉजी यांपैकी एक मेजर पक्का धरा आणि दुसरा मायनर घ्या. बऱ्याच कॉलेजांत जिऑलॉजी विभागच नसतो, तेव्हा फी भरण्याआधी चौकशी करा. एरोस्पेस इंजिनिअरिंगमध्ये यान बनवायला शिकाल. यानाने पाठवलेल्या खडकाच्या नोंदी वाचायला नाही.

जिऑलॉजीवाले एफवायनंतर गणित सोडतात, हे फार महागात पडतं. चांद्रयान-३ वरच्या ‘चेस्ट’ उपकरणाने २०२३ मध्ये चंद्राच्या मातीचं तापमान मोजलं: पृष्ठभागावर ५० अंशांहून जास्त, तर जेमतेम ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. खोलीनुसार बदलणाऱ्या त्या तापमानातून माती उष्णता किती वाहून नेते हे काढायचं, तर उष्णतावहनाचं समीकरण सोडवावं लागतं. डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा हे दोन पेपर सोडूच नका.

फिजिक्सवाल्यांचं अडतं ते खनिजांपाशी. पायरोक्सिन या खनिजाच्या परावर्तित प्रकाशाच्या आलेखात १ आणि २ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास दोन खड्डे दिसतात, ऑलिव्हिन या खनिजात फक्त १ च्या आसपास. मिनरॉलॉजी (खनिजशास्त्र) न शिकलेल्याला हे नुसतेच खड्डे. तसंच प्रॅक्टिकलचं. लोणारच्या आघातात तिथल्या बसाल्ट खडकातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाची काही ठिकाणी काच झाली, तिला मास्केलिनाइट म्हणतात. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकात क्रॉस्ड पोलराइझरखाली (एकमेकांना आडव्या दोन ध्रुवण-पट्ट्यांमध्ये) ठेवून त्याची स्टेज, म्हणजे काप ठेवायची चकती, फिरवा: साधं प्लॅजिओक्लेज एका फेरीत चारदा विझतं आणि उजळतं, मास्केलिनाइट पूर्ण फेरीभर काळंच राहतं. हे डोळ्यांना वळण लावणारं काम आहे, नुसत्या पुस्तकातून येत नाही. पेट्रॉलॉजीचं (खडकांच्या अभ्यासाचं) प्रॅक्टिकल मिळत असेल तर घ्याच.

प्रोग्रॅमिंग ‘नंतर बघू’ म्हणून ढकलू नका. दुसऱ्या वर्षापर्यंत पायथन आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हाताखालून गेलेलं असावं. सरावाला इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर चांद्रयानाचा डेटा आहे, नोंदणी केली की उतरवता येतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. एमएस्सी ज्या विषयात करायची तो पदवीत किती सेमिस्टर हवा, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही. मायनर ठरवण्याआधीच तीन-चार संस्थांच्या पात्रतेच्या अटी काढून वाचा. वेळ गेलीच असेल, तर राहिलेला विषय एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर परीक्षेसह पूर्ण करा. त्याने अट भागेलच असं नाही, पण पाया नक्की भरून निघतो.