पलंगाखालची सहाशे पुस्तकं

दिवाळीत पाहुणे आले आणि त्यांच्या बॅगा पलंगाखाली जाईनात. तिथं मी स्वखर्चानं छापलेलं पुस्तक होतं. पन्नास-पन्नासचे बारा गठ्ठे, खाकी कागदात बांधलेले, एकेकाचं वजन दहा किलो. बायकोनं पाहुण्यांना सांगून टाकलं, "ह्यांचा माल आहे तो." सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं दिवाणजी आहे, त्यामुळे घरात माल म्हटल्यावर कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच्या मालाचा हिशेब ठेवण्यात केस पांढरे केले आणि स्वतःच्या मालाचं कॉस्टिंग चुकवलं.

हल्ली महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "मालक, आम्हाला पण पुस्तक काढायचंय, सांगा की." त्यांना फोनवर जे सांगतो ते इथं जरा सावकाशीनं लिहितोय.

माझं पुस्तक गिरणी चाळीतल्या माणसांच्या आठवणींचं. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, आई दुपारी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, शेजारी घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलणारी माणसं. नाव सांगत नाही, जाहिरात होईल. हस्तलिखित तीन प्रकाशकांकडे पाठवलं. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्यानं सभ्यपणे कळवलं की लेखन चांगलं आहे, पण विषय फार स्थानिक आहे. हे वाक्य तेव्हा लागलं होतं. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका पॅकेजवाल्या कंपनीचा फोन आला. अठ्ठेचाळीस हजारांत शंभर प्रती, मुखपृष्ठ, जगभर वितरण आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मोफत. मी एकच विचारलं, आयएसबीएन कुणाच्या नावावर? तर कंपनीच्या. म्हणजे पैसे माझे, आणि नोंदीत प्रकाशक ते. शिवाय जे मोफत देतो म्हणत होते ते मुळातच मोफत आहे. भारतात आयएसबीएन देण्याचं काम शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी करते आणि त्याला एक रुपया लागत नाही. एकट्या लेखकालाही ऑनलाइन अर्ज करता येतो. मला तीन आठवडे लागले, त्यातला एक आठवडा ओळखपत्राचा फोटो पुसट म्हणून गेला. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगळे क्रमांक लागतात. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुना चालतो, मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली तर नवा घ्यायचा.

आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला असं बऱ्याच जणांना वाटतं. दोन्हींचा काही संबंध नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तुम्ही लिहिलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला, तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. नोंदणी केली तर पुराव्याला बरी, सक्तीची नाही. उलट, दुसऱ्याच्या हक्काची काळजी घ्या. मुखपृष्ठासाठी मी इंटरनेटवरून मिलच्या चिमणीचा एक झकास फोटो उतरवून घेतला होता. डिझायनर पोरगीनंच अडवलं, "काका, हा कुणाचा आहे?" शेवटी वडिलांच्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडून जुना फोटो मिळाला. त्याची परवानगी मी कागदावर सही घेऊन ठेवली. ओळखीचा होता तरी घेतली.

आता अक्षरजुळणी. इथं माझे चार महिने गेले, आणि याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. मी सगळं मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप केलं होतं. संगणकावर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडे काम जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्यानं रूपांतर केलं आणि पहिलं प्रूफ आलं तेव्हा जोडाक्षरं सुटी पडलेली, आणि 'दोऱ्या'च्या ठिकाणी सगळीकडे 'दोर्या'. मागावरच्या माणसांचं पुस्तक, त्यात दोऱ्या किती वेळा येणार, तुम्हीच विचार करा. वाऱ्याचा वार्या झाला, कोऱ्याचा कोर्या झाला. चष्मा पुसून पुसून हातानं दुरुस्त केलं. दुसरं प्रूफ आलं तर त्यात वेगळीकडेच नव्या चुका. डीटीपी करणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा की युनिकोडमध्येच पानं लावणार का. नाही म्हणाला तर दुसरा बघा, पानाला दहा रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि सगळं पुस्तक त्याच्याकडे सोपवण्याआधी दहा पानांचा नमुना लावून घ्या, ज्यात ऱ्य, ऱ्ह, क्ष, र्‍हस्व-दीर्घाची गंमत असलेले शब्द मुद्दाम कोंबलेले असतील.

मुद्रितशोधन स्वतः करू नका. मी हिशेबाच्या वहीत एक पैशाची चूक पकडतो, पण स्वतःच्या लेखनात 'वडील' दोनदा लागोपाठ आले तरी दिसले नाहीत. डोळा लिहिलेलं वाचतच नाही, जे लिहायचं होतं ते वाचतो. पानाला वीस रुपये देऊन एका निवृत्त शिक्षिकेकडून तपासून घेतलं. त्या बाईंनी शुद्धलेखनाबरोबर दोन प्रकरणंही कापायला लावली. वाईट वाटलं, पण एका फॉर्मचा खर्च वाचला.

फॉर्म म्हणजे काय ते सांगतो, कारण छपाईचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो. डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढं पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. माझं १७६ पानांचं, म्हणजे बरोबर अकरा फॉर्म. १७९ पानं झाली असती तर तीन पानांसाठी बारावा फॉर्म उघडावा लागला असता, आणि मागे कोरी पानं सोडावी लागली असती. म्हणून पानं लावून झाल्यावर सोळानं भागून बघा. दोन-तीन पानं वर जात असतील तर प्रस्तावनेतले आभार आटोपते घ्या. आतला कागद सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम), पिवळसर छटेचा घेतला, डोळ्याला बरा. बांधणीत मात्र मी फसलो. नुसत्या गोंदाची घेतली, उन्हाळ्यात पानं निघाली. सोलापूरचा मे महिना मी छापखानेवाल्याला सांगायला हवा होता. त्याला काय, तो पण सोलापूरचाच. शिवून घेतलं असतं तर प्रतीला चार-पाच रुपये वाढले असते.

छापखान्यात मालकानं चहा मागवला आणि दर सांगितले. पाचशे प्रती घेतल्या तर ८४ रुपये प्रत, हजार घेतल्या तर ६२.

"मालक, हजारच काढा. प्लेटा तर त्याच लागणारेत. बावीस रुपये वाचतेत एका प्रतीमागं."

वाचतात, हे खरं आहे. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटा बनवून होणाऱ्या छपाईत, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च पहिल्या प्रतीलाच होतो, पुढं फक्त कागद-शाई. मी हजार काढल्या. छपाई ६२,०००, अक्षरजुळणी ७,०४०, मुद्रितशोधन ३,५२०, मुखपृष्ठ ५,०००. एकूण ७७,५६०. प्रतीला साडेसत्त्याहत्तर रुपये. किंमत ठेवली २००. दुकानदाराला ४५ टक्के सोडले तरी हातात ११० राहतात, म्हणजे प्रतीमागे बत्तीस रुपये नफा. वहीत हे इतकं छान दिसत होतं!

चूक कुठं होती? खर्च मी छापलेल्या प्रतींवर वाटला होता. तो विकलेल्या प्रतींवर वाटायचा असतो. ११० च्या हिशेबानं नुसतं भांडवल सुटायला ७०६ प्रती जायला हव्या होत्या. पहिल्या वर्षात गेल्या २८८, त्यातल्या चाळीस दुकानात उधारीवर, ज्यांचे पैसे अजून यायचेत. सप्रेम भेट ११२. वर्षअखेर जमा ४२,८१० रुपये. कारखान्यात एखादा लॉट पडून राहिला तर सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम माल म्हणून, किलोवर तरी जातो. पुस्तकाचा सेकंड म्हणजे रद्दी, आणि किलोत पाच प्रती बसतात.

उधारीचं तर विचारूच नका. टॉवेलचा एक डझन मी चलनाशिवाय, म्हणजे माल गेल्याच्या सहीच्या कागदाशिवाय, गेटबाहेर जाऊ देत नाही. पण पुस्तक दुकानात ठेवायला गेलो तेव्हा दुकानदारानं "वा, लेखक!" म्हटलं आणि मी सही न घेता पन्नास प्रती ठेवून आलो. आठ महिन्यांनी गेलो तर दहा प्रती धूळ खाऊन परत, बाकीच्यांची नोंद सापडत नाही. दुकानदार वाईट नव्हता, नोंद करणारं पोरगं बदललं होतं. विक्री-परत तत्त्वावर (विकलं त्याचे पैसे, उरलं ते परत) द्या, पण दोन प्रतींत चलन करा, टक्के आणि तारीख लिहा, आणि एका वेळी दहाच ठेवा.

आणि सप्रेम भेट. प्रकाशन समारंभाला शाल, श्रीफळ, हार, चहा-चिवडा धरून ८,४०० गेले, विकल्या गेल्या ६१. आमच्याकडं लेखकानं पुस्तक फुकट द्यायचं असतं हा समज इतका पक्का आहे की एका मेव्हण्यानं दोनदा नेलं. त्यानं टॉवेल कधी फुकट मागितला नव्हता.

पुस्तक निघाल्यावर एक काम लोक विसरतात. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं, म्हणजे इथं तुम्ही, तीस दिवसांच्या आत स्वखर्चानं प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. मी पाठवल्या. पोस्टातल्या बाईंनी चार शहरांचे पत्ते वाचून विचारलं, "एवढे नातेवाईक?"

ई-बुकही काढलं. अॅमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के रॉयल्टी हवी तर ई-बुक नव्वद दिवस दुसरीकडं कुठंही न देण्याच्या योजनेत नाव घालावं लागतं, नाहीतर पस्तीस. माझ्या चौदा गेल्या. माझा वाचक सत्तरीचा, तो मोबाइलवर फक्त नातवाचा फोटो बघतो. तुमचा वाचक पंचविशीचा असेल तर हिशेब उलटा होईल.

मग पलंगाखालचा माल हलला कसा? अशोक चौकाकडं एका चहाच्या टपरीवर संध्याकाळी निवृत्त कामगार बसतात. मी तिथं सहज एक प्रत घेऊन गेलो होतो. एकानं उघडली, चाळून आपल्या चाळीचं प्रकरण काढलं, आणि मोठ्यानं वाचायला लागला. त्याच्या शेजारच्याला मराठी नीट समजतं पण वाचता येतं तेलुगू, म्हणून शेजारचा मध्ये मध्ये वाचणाऱ्याकडून तेलुगूत खात्री करून घ्यायचा. मधेच कुणीतरी म्हणालं, "हे आमच्या सासऱ्याचं आहे की!" त्या संध्याकाळी सात प्रती गेल्या, रोख, पूर्ण दोनशेला. कुणी सवलत मागितली नाही. पुढच्या आठवड्यात एक बाई घर शोधत आल्या. त्यांची आई विड्या वळायची, तिच्यावर पुस्तकात अडीच पानं आहेत. त्यांनी तीन घेतल्या, एक पुण्याच्या मुलीला, एक हैदराबादच्या भावाला.

'फार स्थानिक' म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं. गिऱ्हाईक सोलापूरच्या पूर्व भागात आणि मी पुण्याच्या वितरकाला पन्नास टक्के देऊ करत होतो. मग वही काढली आणि पुस्तकात ज्यांची नावं, गल्ल्या, मिलची खाती येतात त्यांची यादी केली. त्यांची मुलं कुठं आहेत ते विचारत गेलो. ही यादी छपाईच्या आधी केली असती तर चारशेच्या वर गेली नसती, आणि मी आधी चारशेच छापल्या असत्या. आता कुणी विचारलं की किती प्रती काढू, तर मी म्हणतो, नावं लिहून आणा. 'मराठी वाचक' असं लिहून आणू नका.

यादीत ग्रंथालयंही धरा. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, पण त्यांची खरेदी मोठ्या सवलतीत आणि बहुतेक वितरकांमार्फत होते, तेव्हा त्या आकड्यावर भाळू नका. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात मात्र टेबल मिळवा. पहिलंच पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी बघा. मला ती पुस्तक छापून झाल्यावर कळली.

दुसरी आवृत्ती मी गेल्या वर्षी डिजिटल छपाईवर, म्हणजे प्लेटांशिवाय, काढली, फक्त दीडशे. प्रत १२० ला पडली, महाग, पण किंमत ३०० ठेवली आणि एकही उधार दिली नाही. बाहेरगावच्यांना टपालानं पाठवतो. मे २०२५ पासून पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, कर वेगळा. माझं पुस्तक पाकिटासकट त्यात बसतं. तेव्हा ती दोन प्रकरणं कापणाऱ्या बाईंची आठवण येते.

हजारातल्या आता चाळीस उरल्यात. त्या विकायच्या नाहीत, कारण टपरीवरच्या एका म्हाताऱ्यानं ९३ व्या पानावर पेन्सिलनं खूण करून प्रत परत आणून दिली: धोटा, म्हणजे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो, मी उजवीकडून सुरू केलाय, त्या मागावर तो डावीकडून सुटायचा. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती केली. त्याला नवी प्रत द्यायला गेलो तर त्यानं आधी पान ९३ काढलं, बोटानं ओळ वाचली, आणि खिशातून तीनशे रुपये काढून टेबलावर ठेवले.