नव्या चिमट्यावर स्टेम बसवताना

सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, वाकला किंवा त्याचे आटे गेले, की दुकानात जाऊन ‘सव्वीसचा चिमटा द्या’ एवढंच सांगितलं जातं. सव्वीस हे चाकाचं माप. स्टेमचा, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणाऱ्या भागाचा, संबंध असतो तो चिमट्याच्या नळीशी, म्हणजे हेड ट्यूबमधून (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीतून) वर येणाऱ्या भागाशी. तेव्हा जुना चिमटा आणि स्टेम सोबत न्या, बारीक माप घेणारा व्हर्नियर कॅलिपरही न्या. पट्टीने भागत नाही, एका मिलिमीटरने इथे घोळ होतो.

नळीच्या वरच्या टोकाला आटे असतील तर स्टेम नळीच्या आत जातो. नळी गुळगुळीत असेल तर स्टेम बाहेरून तिच्यावर आवळला जातो. एकाचा स्टेम दुसऱ्याला चालत नाही.

आट्यांच्या नळीचं बाहेरचं माप बहुधा २५.४ मिमी, आतलं २२.२, आणि स्टेमच्या दांड्याचंही २२.२. बीएमएक्स, मुलांच्या आणि काही स्वस्त सायकलींत मात्र आतलं माप २१.१ असतं. त्यात २२.२ चा स्टेम जातच नाही. हातोडीने ठोकू नका. खरा धोका उलट्या बाजूने आहे. २१.१ चा स्टेम २२.२ च्या नळीत सहज उतरतो, थोडा खुळखुळतो, आणि मग कोणीतरी पत्र्याची पट्टी गुंडाळून तो ‘फिट’ करून देतं. बोल्ट आवळला की हाताला घट्ट लागतो, पण पकड फक्त खालच्या टोकाला असते. पत्रा हळूहळू सरकतो आणि हँडल कधी फिरेल याचा भरवसा राहत नाही. दुसरा स्टेम घ्या, तो चिमट्यापेक्षा स्वस्तच पडतो.

गुळगुळीत नळी साधारणपणे २८.६ मिमीची असते, जुन्या काही सायकलींत २५.४ ची. २५.४ वर २८.६ चा स्टेम बसवायला अ‍ॅल्युमिनियमची तयार शिम (मधली जागा भरणारी पातळ नळी) मिळते, ती चालते. घरी कापलेला पत्रा इथेही नको. नळी खाली जाड होत गेलेली असेल तर तो चिमटा वरपासून खालपर्यंत एकाच मापाच्या हेड ट्यूबमध्ये जाणार नाही.

खालच्या कोनची, म्हणजे नळीच्या तळाशी घट्ट बसणाऱ्या छर्ऱ्यांखालच्या कड्याची, बैठकही मोजा. एक इंची, म्हणजे २५.४ च्या, चिमट्यावर ती २६.४ किंवा २७.० असते, २८.६ च्या चिमट्यावर ३०.०. कोन हाताने ढिली बसली तर पुढचा ब्रेक दाबल्यावर टक्टक् आवाज येत राहतो आणि नट कितीही आवळला तरी जात नाही.

आट्यांच्या नळीची लांबी अशी काढा: हेड ट्यूब, अधिक वाट्या, छर्रे आणि नट मिळून होणारी उंची, त्यातून एक-दोन मिमी वजा. नळी जास्त लांब असेल तर लॉकनट, म्हणजे सगळ्यात वरचा नट, तिच्या टोकावर टेकतो आणि खालचं काही दाबलंच जात नाही. एखादा वायसर वाढवून हे सुटतं. आखूड असेल तर लॉकनटला पुरेसे आटे मिळत नाहीत, असा चिमटा परत करा. कापायची वेळ आली तर आधी नट खाली फिरवून ठेवा, मग हॅक्सॉने कापा, कानस मारा आणि नट काढा. निघताना तो आटे साफ करतो. साताऱ्यात एमआयडीसी हाताशी असल्याने लेथवर आटे वाढवून आणायचा सल्ला मिळतो. तो जपून घ्या. स्टेमची वेज, म्हणजे बोल्ट आवळल्यावर दांड्याच्या खालच्या टोकाला नळीत घट्ट होणारी पाचर, आट्यांच्या खाली, साध्या नळीत पकडली पाहिजे. आट्यांपाशी नळीची भिंत पातळ असते. वेज तिथे आवळली तर नळी फुगते किंवा चिरते.

आता प्रत्यक्ष बसवणं. स्टेमचा दांडा, वेज आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. हे टाळलं तर पावसाळ्यानंतर गंजून स्टेम नळीत असा बसतो की काढताना चिमटाच जायचा. दांड्यावर कमीत कमी किती आत जायला हवं याची खूण कोरलेली असते. ती लॉकनटच्या वर दिसता कामा नये. हँडल उंच हवं म्हणून ही खूण बाहेर ठेवू नका, लांब दांड्याचा स्टेम घ्या. स्टेम खाली जाईना तर जोर करू नका. काही नळ्या आतून खाली जाड असतात, तिथे तो अडतो. चाकाशी सरळ रेषेत धरून बोल्ट आवळा. पुढे कधी काढायचा झाला तर बोल्ट तीन-चार आटे सैल करून डोक्यावर लाकूड ठेवून ठोका, वेज सुटते.

गुळगुळीत नळीचं गणित वेगळं. स्टेम बसल्यावर नळीचं टोक त्याच्या वरच्या कडेपासून तीनेक मिमी खाली राहायला हवं. नाही राहिलं तर स्टेमवरची टोपी नळीवरच टेकते आणि चिमट्याची ढिलाई निघत नाही. अशा वेळी एक स्पेसर (नळीवर घालायचं कडं) वाढवा. स्टार नट, म्हणजे वरचा बोल्ट ज्यात आवळतो तो नळीतला नट, टोकापासून साधारण १५ मिमी आत, सरळ ठोका. कार्बनच्या नळीत तो कधीच ठोकायचा नाही, तिथे आवळल्यावर फुगून पकडणारा एक्स्पांडर लागतो. क्रम महत्त्वाचा: स्टेमचे बोल्ट सैल, आधी वरचा बोल्ट हलक्या हाताने, ढिलाई जाईपर्यंतच, मग स्टेम सरळ करून बाजूचे बोल्ट आलटूनपालटून, स्टेमवर लिहिलेल्या मापाने, बहुतेक ५ ते ६ न्यूटन-मीटर. वरचा बोल्ट फक्त छर्ऱ्यांवरचा दाब जुळवतो. हँडल धरतात ते बाजूचे बोल्ट, म्हणून वरचा करकचून आवळण्यात काही हशील नाही.

रिजिड, म्हणजे बिनस्प्रिंगच्या, चिमट्याच्या जागी सस्पेन्शन चिमटा घालत असाल तर दोन्हींची उंची ताडून पाहा. पुढचा भाग २० मिमी उचलला की हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी असलेला कोन, अंदाजे एक अंशाने पडतो आणि सायकल वळायला जड वाटते.

तपासणी घरीच करा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल दोन्हीकडे पिळा. स्टेम हलू नये. ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला, खालच्या वाटीवर बोट ठेवा. टक् जाणवली तर ढिलाई आहे. पुढचं चाक उचलून सायकल कलती केली की हँडल आपोआप फिरावं. अडखळलं तर जास्त आवळलंय. आधी गावातल्या सपाट रस्त्यावर फिरवून सगळे बोल्ट पुन्हा बघा, मगच यवतेश्वरचा घाट उतरायला न्या.